बेडकाच्या तापाची वही

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजोबांची ती चार चाकांची गाडी आधी गरम व्हायची ना? मग नीट कशी झाली?" तिला शाळेत इंजिनाविषयी काही लिहायचं होतं. तुमच्या बाबाने सांगितलं, मोठा रेडिएटर बसवला म्हणून. आजोबा म्हणाले, पंखा बसवला म्हणून. मी गवार मोडत बसले होते आणि दोघांच्याही बोलण्यावर मान हलवली.

ते मान हलवणं मला चार दिवस टोचत होतं. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, शिक्षक कमी पडले की सायन्सही शिकवलं. चुकीचं उत्तर ऐकून मान डोलवायची सवय मला नाही. धाकटी ते उत्तर वहीत लिहील, म्हणून खरं काय झालं ते तिने लिहिण्याआधी सांगते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हांला सोपं गेलं असतं, पण यातली माणसं इंग्रजीत बोलत नाहीत. आईकडून वाचून घ्या.

गाडी आली ती आजोबांच्या गुडघ्यामुळे. बारामतीला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, घरात हिंडा, अंगणात हिंडा, पण बांधावरून चालणं आता विसरा. आपलं शेत घरापासून दीड-दोन किलोमीटर, चारीच्या पलीकडे. चारी म्हणजे कालव्यातून शेतांकडे पाणी नेणारा लहान कालवा. आजोबा कळत्या वयापासून रोज सकाळी त्या शेतात जात आले. ऑपरेशननंतर दोन महिने ते ओट्यावर बसून होते आणि समोरच्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला उसाचं विचारत होते. माणसं सुरुवातीला थांबून सांगायची. पुढेपुढे लांबूनच हात करून जायला लागली.

तेव्हा तुमच्या बारामतीच्या काकाने, म्हणजे आजोबांच्या पुतण्याने, ही गाडी शोधून काढली. एका शेतावर पुण्याची माणसं सुट्टीला येऊन राहायची आणि ही गाडी मातीत फिरवायची. ते ठिकाण बंद पडलं आणि गाडी विकायला निघाली. जाड जाड चार टायर, मोटरसायकलसारखं हँडल, वर घोड्यावर बसतात तसं बसायचं. रस्त्यावर न्यायची तिला परवानगी नाही. आपल्याला रस्ता नकोच होता, घरामागून पाणंदीने थेट शेत. गावाने पहिल्या दिवशी तिला पाहिलं आणि बेडूक म्हटलं. कागदांवर तिचं वेगळं नाव आहे, ते मीसुद्धा विसरले.

पहिले काही महिने चांगले गेले. मग चैत्रात एक दिवस आजोबा सकाळी गेले आणि अकरा वाजले तरी परत आले नाहीत. फोन घरीच चार्जिंगला लावलेला. बारा वाजता शेजारचे तात्या ट्रॅक्टरवरून दारात आले, मागे मडगार्डवर आजोबा.

"वैनी, आबांना घिऊन आलोय," तात्या म्हणाले. "बेडूक तिकडंच हाय. उकडलाय."

गाडीवर तांबडा दिवा लागला होता, मग पुढून वाफ आली, मग ती बंद पडली. आजोबा दोन तास बाभळीखाली बसून होते, कारण त्या गुडघ्यावर दीड-दोन किलोमीटर चालत येणं शक्यच नव्हतं. ऊन लागून चेहरा काळवंडला होता. संध्याकाळी तुमच्या बाबाचा फोन आला आणि मी न लपवता सगळं सांगितलं.

बाबा घाबरला. घाबरला की तो नियम करतो, लहानपणापासून. म्हणाला, "आई, पुन्हा एकदा असं झालं तर गाडी विकायची. आणि शेत तात्यांना वाट्याने द्यायचं. अर्धं पीक आपलं, अर्धं त्यांचं. मला तिकडून धावत येता येत नाही."

फोन स्पीकरवर होता. आजोबांनी सगळं ऐकलं. ते एवढंच म्हणाले, "आन मंग मी काय करू? हितं बसून एस्ट्या मोजू?"

दुसऱ्या दिवशी कन्हेरीहून मेकॅनिक आला. हा माझा विद्यार्थी. सातवी-आठवीला माझ्या वर्गात होता, मागच्या बाकावर. आता त्याचं गॅरेज चांगलं चालतं. त्याने गाडीच्या पुढची जाळी काढली आणि आतल्या रेडिएटरवर पाइपने पाणी मारलं. एवढं पाचट निघालं की सूपभर होईल. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं. तोडणी झालेल्या रानातून गाडी जायची तेव्हा ती उडून आत बसायची, वर चिखलाचा लेप.

"बाई, ह्येचं नाक बंद झालं हुतं," तो मला म्हणाला. "हवा आत जायला पायजे. येवढं साफ ठेवा, मंग काय न्हाय हुत."

इतकंच होतं. त्या दिवशी गाडी बरी झाली होती. हे मी आज लिहू शकते. तेव्हा मला फक्त एवढं कळलं की साफ ठेवायचं आहे, आणि रोज साफ करायला आजोबांना वाकावं लागणार, गुडघा दुमडावा लागणार. घाण काढत बसण्यापेक्षा ती आत जाऊच नये, असा विचार मी केला. तात्यांच्या ट्रॅक्टरला मळणीच्या दिवसांत पुढे भुसा अडवायला बारीक जाळी बांधतात, ती मी पाहिली होती. मी गाडीच्या तोंडाचं माप घेतलं आणि जुन्या सतरंजीचा पडदा शिवला. चार कोपऱ्यांना नाड्या, खाली शिशाच्या गोळ्या, म्हणजे वाऱ्याने उडू नये. बैल विकले तेव्हापासून त्यांची झूल ट्रंकेत पडून होती. तिचे आरशांचे काठ उसवून पडद्याला लावले.

आजोबा खूश झाले. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. "बैलाला झूल, तशी बेडकाला," म्हणायचे. मी दर सोमवारी जाड कपडे धुते, चादरी, बैठका वगैरे, त्यांत हा पडदाही धुवायला लागले. मंगळवारी सकाळी वाळलेला परत बांधायचा. पडद्यावर पाचट आणि चिखल दिसायचा तेव्हा मला बरं वाटायचं, की हे सगळं आत गेलं असतं.

आठवड्याभरातच तांबडा दिवा पुन्हा लागायला लागला.

वाफ नाही, बंद पडणं नाही. नुसता दिवा लागायचा. आजोबा थांबायचे, पंधरा मिनिटं गाडी गार होऊ द्यायचे आणि पुढे जायचे. बाबाला सांगायचं नाही असं आमचं न बोलता ठरलं. पण पुतण्याला सांगावं लागलं. तो एमआयडीसीत कामाला आहे आणि उरलेला वेळ फोनवर गाड्यांचे व्हिडिओ बघण्यात घालवतो. रविवारी आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"काका, ही गाडी थंड देशासाठी बनवलेली. कंपनीचे पार्ट आपल्या उन्हात टिकत नाहीत. हिला परफॉर्मन्स पार्ट लागतात."

"परफॉर्मन्स म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे गाडी जास्त काम करते."

"जास्त काम केलं तर जास्त तापेल ना? आपल्याला कमी तापायला हवी आहे."

"काकू, ते सगळं एकच असतं."

ते एकच कसं असतं हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. पण तो इतक्या खात्रीने बोलला की माझंच काही वाचायचं राहिलंय असं मला वाटलं.

मग पार्सलं यायला लागली. आधी हवेची गाळणी आली, लाल कापडाची. कोरडी बसवायची नाही, तिला तेल चोळायचं. बाळाच्या टाळूला चोळावं तसं मी तिला तेल चोळलं. दिवा लागतच राहिला. मग सायलेन्सर आला, चकचकीत स्टीलचा. पुतण्या म्हणाला, आता इंजिन मोकळा श्वास सोडेल. त्याने श्वास सोडला तो पाणंदीपलीकडच्या रानात बसलेल्या मेंढरांच्या कळपावर. ज्यांची मेंढरं होती ते म्हातारे संध्याकाळी काठी टेकत ओट्यापर्यंत आले.

"आबा, इमान घेतलंय म्हनं तुमी."

"आवो, सायलेन्सर हाय त्यो."

"आसंल. माजी मेंढरं इंदापूरला पोचली. तेवढी तुमच्या इमानातनं आनून द्या."

त्यांना चहा दिला. जुना सायलेन्सर परत चढवला. नवा अजून कणग्यांच्या खोलीत आहे.

त्यानंतर निळे सिलिकॉनचे पाइप आले, रेडिएटरमध्ये घालायचं हिरवं पाणी आलं, मग मोठा रेडिएटर आला. तो बसेना, म्हणून गाडी टेम्पोत घालून कन्हेरीला न्यावी लागली. दोन दिवस तिथे होती. मेकॅनिकने फोन करून सांगितलं, "बाई, तासभर चालवली रानातनं. येकदम गार हाय." गाडी घरी आली, आजोबा शेतात गेले, दिवा लागला. पंखा आला. पुन्हा कन्हेरी, पुन्हा गार. पुन्हा घर, पुन्हा दिवा. तात्या ओट्यावर बसून म्हणाले, "डाक्टरकडं गेलं की दुखणं पळतं, तसं चाललंय ह्येचं. वैनी, घराला नजर लागली का काय बगा."

मी नजरबिजर मानत नाही. 

पुतण्या म्हणाला, नुसत्या दिव्यावर भागणार नाही, तापमान दाखवणारं मीटर पाहिजे. दिवा म्हणजे 'आई गं' असं ओरडणं, मीटर म्हणजे थर्मामीटर. ही गोष्ट मला पहिल्यांदा पूर्ण पटली. मीटर आलं, हँडलवर बसवायचं, त्याची तार पाण्याच्या पाइपात. सोबत इंग्रजी पुस्तिका होती. पुतण्याने ती आदराने माझ्या हातात दिली. पहिलंच वाक्य मराठीत करून सांगते: "कृपया तापमान आनंदाने बसवा आणि पाणी घाबरण्याशिवाय ठेवा." पुढची सोळा पानं तशीच. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईवर अशी वेळ यावी. आजोबा विचारत होते, "काय लिवलंय?" आणि मी चष्मा पुसत होते.

मीटरवर विश्वास ठेवण्याआधी ते तपासलं पाहिजे, असं मी म्हटलं. पुतण्याने ते गाडीच्या बॅटरीला जोडलं, मी शेगडी अंगणात आणली आणि पातेल्यात उकळत्या पाण्यात ती तार सोडली. शंभर यायला हवं होतं. आकडा अठ्ठ्याण्णववर थांबला. मी म्हटलं, खोटं आहे. पुतण्याने फोनवर शोधलं आणि म्हणाला, काकू, आपण समुद्रापासून उंच आहोत, इथे पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. तीस वर्षं मी मुलांना शंभर सांगत आले आणि पन्नास वर्षं माझ्या चहाचं पाणी अठ्ठ्याण्णवला उकळत होतं. मीटर खरं निघालं. खोटी मी होते, आणि हे तर लहानसं उदाहरण.

मीटर लावून आजोबा पहिल्यांदा गेले तेव्हा चारीच्या पुलावरून त्यांचा फोन आला.

"येकशे येक्याऐंशी दावतंय."

"काय?"

"येकशे येक्याऐंशी. बंद केलीय. मी लांब हुबा हाय."

बसवताना कुठेतरी बटण दाबलं जाऊन ते फॅरनहाइटवर गेलं होतं. आपल्याकडे माणसाचा ताप फॅरनहाइटमध्ये मोजतात आणि हवेचा सेल्सिअसमध्ये, आणि आयुष्यभर कुणाचा गोंधळ होत नाही. इंजिन माणसात मोडतं की हवेत, हे मात्र ठरलेलं नव्हतं. फोनवर मी पुस्तिकेतलं तेरावं पान वाचून दाखवलं आणि त्यांनी बटण दाबलं. हे सगळं वीस मिनिटं चाललं.

मग मी वही केली. तुमच्या बाबाला टायफॉइड झाला होता तेव्हाही केली होती, तशीच. वार, वेळ, हवा कशी, कुठे वाचलं, आकडा. आजोबा शेतातल्या विहिरीपाशी एकदा आणि घरी आल्यावर एकदा आकडा सांगायचे. एकशे चार. एकशे सहा. एकशे तीन. पुतण्याने सांगितलं होतं की एकशे पाचच्या वर गेलं तर थांबायचं. अठ्ठ्याण्णवला पाणी उकळतं तर एकशे तीनला ते आत कसं राहतं, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, झाकण दाबून ठेवतं, कुकरसारखं. ते समजलं. बाकी काहीच समजत नव्हतं. ढगाळ दिवशी एकशे पाच, कडक उन्हात अठ्ठ्याऐंशी. ओझं असताना कमी, रिकामी असताना जास्त. मी हवेचा रकाना दोनदा बदलला, ओझ्याचा रकाना वाढवला. वही जितकी नीट होत गेली तितका माझा गोंधळ वाढत गेला.

दसऱ्यानंतर ऊन पुन्हा तापलं. त्यात एक दिवस गाडी परत उकळली. कालव्याच्या भरावावर, सगळे नवे पार्ट अंगावर असताना. या वेळी फोन आजोबांच्या खिशात होता आणि नेमका तेव्हाच तुमच्या बाबाचा फोन आला. वाफेचा आवाज त्याने तिकडे ऐकला.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, आता पुरे. दोन दिवसांत पुतण्याकडून गिऱ्हाईक मिळालं, इंदापूरकडचा एक माणूस. रविवारी अकरा वाजता येतो म्हणाला. तात्यांशी शेताचं बोलणं झालं. तात्या भले माणूस, म्हणाले, "आबा, रान तुमचंच हाय. मी निस्ता राबनार." आजोबांनी मान हलवली. मग आत गेले, शेताला कालव्याचं पाणी कधी मिळणार त्या पाळ्या लिहिलेला पुठ्ठा खिळ्यावरून काढला आणि तात्यांच्या हातात दिला. आमच्या लग्नापासून तो पुठ्ठा त्या खिळ्यावर असायचा, दर वर्षी नवा. त्या आठवड्यात ते माझ्याशी जेवणापुरतं बोलले.

शनिवारी दुपारी मी वहीची स्वच्छ प्रत करायला बसले. गाडी गरम होते हे घेणाऱ्याला सांगायलाच हवं होतं, आणि सांगायचं तर आकड्यांसकट. तारखेप्रमाणे न लिहिता वाराप्रमाणे लिहिलं तर एका पानात मावेल, म्हणून तसं लिहायला घेतलं. सोमवारच्या रकान्यात अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. मंगळवारी एकशे चार. बुधवारी एकशे पाच. मी पुन्हा तपासलं. एकही सोमवार नव्वदच्या वर नव्हता.

इंजिनाला वार कळतो का? मी आजोबांना जाऊन विचारलं, "सोमवारी तुम्ही काही वेगळं करता का? दुसऱ्या वाटेने जाता का?"

"सोमवारी? काय न्हाय. तीच वाट."

"आठवून सांगा."

"सोमवारी तू कावलेली आस्तीस. धुनं आस्तं तुजं."

मी परसात गेले. दोरी रिकामी होती, शनिवार होता.  दोरीवर सोमवारी काय काय असतं ते डावीकडून उजवीकडे मी मनात मोजलं. चादर, चादर, बैठक, पडदा.

हवा आत जायला पायजे, असं तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता. आणि मी तिच्या तोंडावर सतरंजी बांधली होती, आरसे लावून.

रविवारी सकाळी आजोबा शेवटची फेरी मारायला निघाले. मी नाड्या सोडून पडदा काढला.

"काय करतीस?"

"धुवायला टाकते."

"आज आयतवार हाय."

"भिजत घालायचाय."

ते गाडीवर बसले आणि गेले. तासाभराने आले, वहीत सांगायला म्हणून मीटरकडे पाहिलं आणि उतरलेच नाहीत. सत्त्याऐंशी. त्यांनी गाडी वळवली आणि पुन्हा शेतात गेले. परत आले तेव्हा अठ्ठ्याऐंशी. तेवढ्यात पुतण्या आला, त्याच्या मागोमाग गिऱ्हाईक आणि शेजारून तात्याही. पुतण्या गिऱ्हाइकाला एकेक पार्ट हात लावून दाखवत होता, निळे पाइप, मोठा रेडिएटर, पंखा. माणसाला गाडी पसंत पडली, म्हणाला आजच नेतो. टेम्पो घेऊनच आला होता.

मी म्हटलं, "गाडी विकायची नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वही पुढे केली, त्या सकाळचे दोन आकडे दाखवले. का विकायची नाही ते मला पुढच्या वाक्यात सांगायचं होतं. पण पुतण्या वही बघून म्हणाला, "बघा काका, पंखा सेट झाला. नवीन पार्टला थोडा वेळ द्यावा लागतो." त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. आजोबा पंख्याकडे बघायला लागले. तात्या म्हणाले, पंख्याचंच असणार. गिऱ्हाईकसुद्धा म्हणालं, आमच्याकडं पण एकाचं असंच झालं होतं. आणि मी गप्प बसले. एका सकाळचे दोन आकडे म्हणजे पुरावा नव्हे, असं मी मनाला सांगितलं. ते खरंही होतं. पण मी गप्प बसले त्याचं कारण ते नव्हतं.

गिऱ्हाईक चहा पिऊन रिकामा टेम्पो घेऊन गेलं. तुमच्या बाबाने एक महिन्याची मुदत दिली. महिनाभर मी पडदा बांधला नाही आणि आकडा नव्वदच्या वर गेला नाही. पडदा कुठे गेला असं कुणी विचारलं नाही. आजोबा संध्याकाळी स्टुलावर बसून पाइपने जाळी धुतात, वाकावं लागत नाही. स्टूल मला आधी सुचलं नव्हतं.

एवढ्याने माझं समाधान झालं नाही. बारामतीला डोळे दाखवायला गेले होते, तेव्हा परत येताना कन्हेरीला उतरले आणि गॅरेजवर गेले. त्याने माझ्यासाठी खुर्ची पुसली.

"एक विचारायचंय. खरं सांग. गाडीच्या पुढचा तो पडदा."

तो हातातल्या पान्याकडे बघायला लागला. "बाई, गाडी पयल्यांदा हितं आली तवाच दिसलं हुतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी शिवल्याला. वर झुलीचं काठ लावल्यालं. आबा कवतिक सांगत हुते." त्याने पाना खाली ठेवला. "मी हितं काडून ठेवायचो. गाडी गार चालायची. जाताना पुन्ना बांधून द्यायचो."

"अरे, पण मला सांगायचं."

"मला वाटलं, तुमास्नी काय तरी म्हाईत आसंल. सायन्स तुमीच शिकवलं आमाला. म्हटलं, आसंल काय तरी त्यात, आपल्याला कळंना. मी पन घोळातच पडलो हुतो, बाई."

"चूक दिसली तर दाखवायची असते."

"येकदा दावली हुती सातवीत. फळ्यावर. तुमी व्हरांड्यात हुबा केला हुता मला."

मला ते आठवत नाही. पण त्याला कोणतं स्पेलिंग होतं तेही आठवत होतं, आणि चूक माझीच होती. मी त्याला तिथे, गॅरेजमध्ये, त्या गोष्टीबद्दल माझं चुकलं असं म्हटलं. तो लाजला आणि चहा सांगायला पळाला.

म्हणजे माझ्या पडद्यापायी एवढे पार्ट आले. माझ्या पडद्यापायी आजोबांचं शेत जवळजवळ गेलं होतं. एक मन म्हणतं, एवढंच आहे, इतकं सोपं. दुसरं मन म्हणतं, मग जुन्या रेडिएटरवर, बिनापंख्याची, वैशाखात ती चालली असती का? पुतण्या म्हणतो, नसती. मेकॅनिक म्हणतो, चालली असती बहुतेक. काढून बघायला आजोबा तयार नाहीत. हे तुमच्या शाळेच्या वहीत कसं लिहायचं ते मला सांगता येत नाही. "हवा अडली होती" एवढं लिहिलं तर ते खरं होईल.

काल रात्री जेवणानंतर हे सगळं मी आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, मध्ये एकदाही हसले नाहीत. शेवटी म्हणाले, "पुतन्याला न्हाय दावायचं ह्ये." मग म्हणाले, "आन पंखा पायजेच. तुला काय कळतंय त्यातलं." मी म्हटलं, नाही कळत. त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिलं आहे, तुम्हीही हे तुमच्या काकाला दाखवू नका.

पंखा, मोठा रेडिएटर, निळे पाइप आणि मीटर गाडीवर आहेत. त्यांतलं गरजेचं काय होतं ते आम्हांला माहीत नाही. तात्यांनी पाळ्यांचा पुठ्ठा परत आणून दिला. शेत आम्हीच करतो, या वर्षी खोडवा आहे, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुंध्यांतून पुन्हा फुटलेलं पीक. तुमचे आजोबा रोज सकाळी साडेसहाला शेतात जातात आणि नऊपर्यंत परत येतात.